आकडी नव्हे, धनुर्वात

कुंदा दाणी यवतमाळच्या एका दवाखान्यात कारकून म्हणून लागली ते साल एकोणीसशे एकसष्ट. रोग्याच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलेला रोग वाचायचा, छापील यादीत त्याचा क्रमांक शोधायचा आणि लाल शाईने कोपऱ्यात टाकायचा, एवढंच तिचं काम. विषमज्वराचा एक क्रमांक, घटसर्पाचा दुसरा, पटकीचा तिसरा. त्या आकड्यांवरून कुठे लस पाठवायची, कुठे नर्स, हे वरची कचेरी ठरवी.

तिचे वडील कोर्टात नक्कलनवीस होते. समोरचा कागद जसाच्या तसा उतरवण्यात त्यांची हयात गेली. लेकीला मात्र कागदाला प्रश्न विचारायची खोड.

दगावलेल्या तान्ह्या लेकरांच्या कागदांवर वारंवार एकच शब्द यायचा, आकडी. यादीत आकडीला जागा होती ती लक्षणांमध्ये, कारण न कळलेल्या गोष्टींच्या गर्दीत. त्या क्रमांकासाठी कुठूनच काही येत नसे.

एक दिवस कागद घेऊन ती कमलाकर डॉक्टरांपुढे उभी राहिली.

"डॉक्टर, हा धनुर्वात तर नसेल?"

"बहुतेक तोच असतो," डॉक्टर थकल्या आवाजात म्हणाले. "नाळेतून जंतू शिरतात. पण तसं लिहायचं तर नीट विचारपूस हवी. बाहेरची रांग बघितली का तुम्ही?"

"विचारपूस मी करते."

"करा. मात्र तपासल्याशिवाय मी सही करणार नाही."

"तेच तर हवंय," कुंदा म्हणाली.

त्याच आठवड्यात बाभुळगावकडच्या तांड्यावरून खेमसिंग आपल्या आईला, बायको मानीबाईला आणि लेकराला बैलगाडीत घालून घेऊन आला. डॉक्टरांनी लेकराला तपासलं, सुई दिली, पण दिवस मावळायच्या आत ते गेलं. कुंदा व्हरांड्यात मानीबाईजवळ जमिनीवर बसली. हळूच तिने विचारलं, "दूध कधीपासून सोडलं होतं?"

"परवापासून," मानीबाई म्हणाली. "तोंडच उघडे ना त्याचं. हात लावला का आंग लाकडासारखं ताठ."

"नाळ कशानं कापली?"

खांबाला टेकून बसलेली मानीबाईची सासू रामीबाई म्हणाली, "विळ्यानं. म्या कापली. साऱ्या तांड्याची मीच कापतो."

खेमसिंग ताडकन उठला. "काय लिहून राह्यल्या बाई? माह्या याडीनं लेकरू मारलं म्हणून? आईवर आळ घेता?"

"नाही दादा. रोगाचं नाव लिहिते. माणसाचं नाव लिहायला त्यात जागाच नाही."

"तं मंग काहून इचारता?"

कुंदाने सगळी उत्तरं कागदावर उतरवली आणि तो डॉक्टरांकडे नेला. डॉक्टरांनी तो वाचला, आपण तपासताना पाहिलेलं त्याच्याशी ताडून बघितलं आणि लिहिलं, 'धनुर्वात, नवजात'. कुंदाने क्रमांक टाकला.

वर्षभर ती अशीच प्रत्येक आईजवळ बसत राहिली. आकडी कमी होत गेली, धनुर्वात वाढत गेला. मग वरून विचारणा आली, आकडे एकदम कसे फुगले? चूक असल्यास दुरुस्त करून पाठवा.

हेडक्लार्क दीनानाथबाबू म्हणाले, "पूर्वीसारखं आकडी टाका ना. कायले डोक्याले ताप?"

"रोग वाढला नाही, बाबूजी. आता फक्त नावानं लिहितो आपण. मी बदलणार नाही."

तिने तसंच उत्तर तयार केलं. डॉक्टरांनी एक शब्दही न खोडता सही केली. पुढे बरेच महिने काही घडलं नाही, आणि मग एक तपासणी अधिकारी येऊन गेला. त्यानंतर सुइणींना शिकवायला नंदाबाई नावाची नर्स मिळाली, आणि तिच्याबरोबर नव्या पात्यांची पेटी.

सुइणी जमल्या, पण रामीबाई आली नाही. तेव्हा कुंदाच नंदाबाईबरोबर तांड्यावर गेली, आणि विळ्यावरच्या जंतूंचं नंदाबाईने समजावून सांगितलं.

"तूच ना ते लिवनारी?" रामीबाईने विचारलं. "तुह्या कागदावर माह्या तांड्याची सारी लेकरं हायेत?"

"नाही आजी. दवाखान्यात आणली तेवढीच."

"बाकीची मले ठावूक हायेत," रामीबाई म्हणाली. चुलीपाशी मानीबाई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. मग म्हातारीने नंदाबाईच्या हातातलं पातं घेतलं, उलटून पालटून पाहिलं. "हे उकळलं का मरते तो जंतू?"

"खळखळून, बराच वेळ उकळावं लागतं," नंदाबाई म्हणाली. "आणि नाळेवर राख नाही, शेण नाही."

"मंग दाखव," म्हणत रामीबाईने चुलीवर पातेलं चढवलं.

पुढच्या वर्षी मानीबाईला मुलगी झाली, ती जगली. आजूबाजूच्या तांड्यांवरच्या सुइणींना रामीबाई स्वतः दवाखान्यात घेऊन येऊ लागली. न येणारीला ती शिव्या घाली.

खेमसिंगने मात्र कुंदाला माफ केलं नाही. याडीला सोडायला यायचा तेव्हा तो गाडीवरच बसून राही, बैलांकडे तोंड करून. कुंदा त्याला दरवेळी पाणी नेऊन देई. तो घेत नसे. ती तांब्या चाकाजवळ ठेवून आत कामाला जाई.