वहीतल्या माणसांना केलेले फोन

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे पुढे माझाच आवाज जरा बसतो. तेहेतीस वर्षं केंद्र सरकारच्या नोकरीत फायली वाचण्यात घालवलेल्या माणसाला एक साधी वही वाचता आली नाही, आणि त्यापायी एक म्हातारा बुलढाण्याहून उपाशीपोटी दिल्लीला आला. हो हो, उपाशीपोटी! माझ्या सांगण्यावरून!

आमचं एक सेवा मंडळ आहे. आर. के. पुरममधली सरकारी नोकरीतली मराठी घरं, कँटोन्मेंटमधली फौजी कुटुंबं, असे सत्तरएक सभासद. महाराष्ट्रातून इथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात उपचारांसाठी गावाकडची माणसं येतात. त्यांना हिंदी नीट येत नाही, खिडकी सापडत नाही, कुठल्या मजल्यावर जायचं ते कळत नाही. दर शनिवारी त्यांच्याबरोबर जायचं, फॉर्म भरून द्यायचे, दुपारी वरण-भाताचा डबा द्यायचा. एवढंच काम.

ते काम अकरा वर्षं शुभदाने केलं. शुभदा म्हणजे माझी बायको. आणि मी काय केलं? डब्यांच्या पिशव्या दोन जिने खाली नेऊन तिच्या स्कूटरला अडकवायच्या, परत वर यायचं आणि झोपायचं. अकरा वर्षांत एकदाही त्या गेटपर्यंत गेलो नाही. ‘पुढच्या शनिवारी येतो’ असं मात्र न चुकता म्हणायचो.

चार महिन्यांपूर्वी शुभदा गेली.

तर, निकमसाहेब. आमचे अध्यक्ष. फौजेतून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालेले, वय त्र्याहत्तर, आवाज अजून परेडवरचा. एका सोमवारी संध्याकाळी ते घरी आले आणि पाणीही न घेता म्हणाले, “परांजपेजी, साफ बोलतो. वहिनींच्या मागे शनिवारी कुणी येईना. गेले तीन शनिवार मी एकटाच आहे. कमिटी म्हणते, बंद करून टाका.”

“बंद?”

“मग काय करू यार? ग्रुपवर मेसेज टाकला की पन्नास जण जोडलेले हात पाठवतात. हात जोडायला सगळे, हात लावायला एक नाही!”

 जोडलेले हात पाठवणाऱ्यांत मीही होतो.

“हा शनिवार शेवटचा,” निकमसाहेब म्हणाले. “माणसं दिसली तर चालू, नाही तर खतम. तुम्ही बोला लोकांशी. वहिनींचं नाव सांगितलंत तर नाही म्हणणार नाहीत. आणि हां, वहिनींची ती नावांची वही काढून ठेवा.”

झालं! माणसांशी बोला, आणि नावांची वही काढा. दोन वाक्यं एका दमात आली. कुठल्याही सरकारी माणसाने लावला असता तोच अर्थ मी लावला.

वही तिच्या कपाटात, शालींखाली मिळाली. चार महिन्यांत ते कपाट मी पहिल्यांदाच उघडलं. असो.

नावं, फोन नंबर, आणि प्रत्येक नावापुढे तिच्या बारीक अक्षरात एखादा शेरा. ‘घुगे – गुडघा. तिखट चालत नाही.’ ‘यमुनाबाई – डोळे. लिफ्टची भीती.’ ‘सविता, मानेसर – मुलगी लहान, लांबून येते.’

आता तुम्हीच सांगा, हे काय आहे? मला तर लख्ख उजेड पडला. ही सभासदांनी न येण्याची कारणं! बिचारीने एकेकाची सबब टिपून ठेवली होती. गुडघा म्हणे! मुलगी लहान म्हणे! आणि लिफ्टची भीती? अहो, सबबीला काही पातळी असते की नाही? तिखट चालत नाही हे तर मंडळाच्या भोजनाबद्दलच असणार.

काही नावांपुढे फुली होती. ते मंडळ सोडून गेले असावेत असं समजून मी त्यांना फोन केले नाहीत. माझ्या हातून झालेली तेवढीच एक बरी गोष्ट.

मंगळवारी रजा टाकली आणि पहिला फोन घुग्यांना लावला.

“हॅलो, घुगे ना? मी परांजपे. सेवा मंडळ. शुभदाताईंच्या घरून बोलतोय.”

“ताईच्या घरून? बोला ना साहेब! लय बरं वाटलं.”

बोली गावाकडची होती, पण आमच्या फौजी सभासदांची अशीच असते.

“तुम्ही शेवटचे कधी आला होता?”

“दोन साल झाले साहेब.”

“दोन वर्षं! आणि हे इतक्या निवांतपणे सांगता?”

“डॉक्टरच म्हणे, आता यायचं काम नाही.”

बघा! सेवा न करण्याचं डॉक्टरी सर्टिफिकेट!

“गुडघा ना? सगळं माहीत आहे मला. इथे लिहिलेलं आहे.”

 पलीकडून हळूच, “काय लिहेल आहे साहेब?”

“ते समोरासमोर बोलू. येत्या शनिवारी सकाळी आठ वाजता हॉस्पिटलच्या मोठ्या गेटवर या. सबब चालणार नाही.”

“ताईनं बलावलं का?”

“ताईंचंच काम आहे.”

“मंग येतोच. उपाशीपोटी येऊ का साहेब?”

मला वाटलं, हा नाश्त्याची चौकशी करतोय! हल्ली कुठल्याही कार्यक्रमाला बोलावलं की आधी नाश्ता विचारतात. “तसेच या,” मी कडक आवाजात म्हणालो.

यमुनाबाईंचा मुलगा कँटोन्मेंटमध्ये हवालदार. त्यांना म्हटलं, “आजी, डोळ्यांचं कारण आता पुरे झालं.”

“कारन कसलं? आता झ्याक दिसतंय मला.”

“दिसतंय ना? मग या!”

“लिफ्टनं जावं लागंल का रं बाबा?”

“जिन्याने जा. कामाला आल्यावर लिफ्ट कशाला पाहिजे?”

मानेसरची सविता तरुण होती. नवरा गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात. ती म्हणाली, “काका, मुलगी आता पाच वर्षांची झाली. मस्त आहे एकदम.”

“मग तिलाही घेऊन ये. लहानपणापासूनच सवय लागायला हवी.”

“कसली सवय?”

“हॉस्पिटलची!”

तिने मुलीला जवळ बोलावलेलं मला ऐकू आलं. मग म्हणाली, “अच्छा. ताई म्हणत असतील तर आणते. ताईंना सांगा हं, मी येतेय. किती दिवस झाले त्यांना बघून.”

“सांगतो,” मी म्हणालो.

फोन ठेवला आणि मग लक्षात आलं. हिला कळलेलंच नव्हतं. मी तेव्हाच परत फोन लावून सांगायला हवं होतं, की नाही? नाही लावला. ‘सांगतो’ म्हटलं त्या क्षणापुरती शुभदा आत ओट्यापाशी उभी होती. मी फक्त आत जाऊन निरोप द्यायचा होता.

पुढचे सोळा फोन मी त्याच लोभाने केले. “ताई कशा आहेत?” असं कुणी विचारलं की म्हणायचो, “कामात आहे.” समोरचा म्हणायचा, “ताई म्हणजे काय, कामातच असणार!” आणि आम्ही दोघं हसायचो. इतका गोड दिवस चार महिन्यांत गेला नव्हता. मूर्खपणा म्हणा, पाप म्हणा. मी दोन्ही म्हणतो.

शनिवारी साडेसातलाच गेटवर जाऊन उभा राहिलो. वाटलं होतं दोघं-तिघं येतील. आली सात माणसं! सविता मुलीला घेऊन आली. यमुनाबाई मुलाच्या मोटारसायकलवरून उतरल्या. आणि काठी टेकत, खांद्याला कापडी पिशवी लावून एक वाळकासा म्हातारा आला. घुगे.

“रामराम साहेब. सगळे कागद आणले. फोटोबी आणले.” त्यांनी पिशवीतून एक्स-रेचं मोठं पाकीट काढलं.

“फाइलसकट आलात! वा!” सरकारी माणसाचं मन फाइल बघून भरून येतं.

“काल सकाळी गाडीत बसलो तवापासून पोटात अन्न नाही साहेब. निस्तं पाणी.”

सेवेआधी उपवास! आणि अशा माणसाला मी फोनवर झापलं होतं? मी पायरीवर चढलो आणि भाषण सुरू केलं. “मित्रहो, सभासद होणं सोपं असतं. प्रत्यक्ष येऊन उभं राहणं...”

“ओ घुगे!” मागून परेडवरचा आवाज आला. “तुम्ही इथं कसे? गुडघा परत बिघडला काय? आणि ही सविता? मुलीला काही झालं?”

निकमसाहेबांनी मला पायरीवरून बाजूला ओढलं. “परांजपेजी, हे काय चाललंय?”

“सभासद जमवले.”

“सभासद? अहो, हे आपले पेशंट आहेत! जुने पेशंट!”

“पण वही...”

“वही पेशंटचीच! सभासदांची यादी तर माझ्या फोनमध्ये आहे. वही मागितली कशाला, तर नवीन माणसांचं वहिनी काय काय टिपायच्या ते बघायला. कुणाला काय दुखतं, कोण कशाला घाबरतं, डबा कसा लागतो.”

 वही हातातच होती. मी विचारलं, “आणि या फुल्या?”

निकमसाहेबांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “ते घरी परत गेले नाहीत.”

मी घुग्यांपुढे जाऊन हात जोडले. म्हटलं, “घुगे, तुमच्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. चूक माझी आहे. मला वही वाचता आली नाही.”

“म्हंजे कापायचं नाही?”

“नाही हो!”

“तपासणीबी नाही?”

“काही नाही.”

म्हातारा तिथेच फुटपाथवर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. “चार रात्री झोपलो नाही साहेब! म्हणलं, आता पाय जाते!” मला वाटलं, आता काठी बसणार. हक्कच होता त्यांचा. पण डोळे पुसून ते म्हणाले, “जाऊ द्या. त्या निमित्तानं ताई तरी भेटन. ताई कुठं हायेत?”

सातही जणांनी माझ्याकडे पाहिलं. निकमसाहेब सांगू शकले असते. त्यांनी नाही सांगितलं. ते माझ्याकडेच बघत राहिले.

“शुभदा वारली,” मी म्हणालो. “चार महिने झाले. फोनवर सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.”

हे वाक्य तोपर्यंत माझ्यासाठी नेहमी दुसऱ्याच कुणीतरी बोललं होतं. माझ्या मुलीने नातेवाइकांना सांगितलं, ऑफिसने नोटीस लावली. मी ते पहिल्यांदा बोललो ते हॉस्पिटलच्या गेटवर, रिक्षांच्या हॉर्नमध्ये.

सविता मुलीला कवेत घेऊन खाली बसली.  मग यमुनाबाईंनी माझं मनगट धरलं.

“मग तू जेवतोस कुठं रं?”

चार महिन्यांत लोकांनी मला काय काय विचारलं होतं! पेन्शनचे कागद, बँकेतलं नॉमिनेशन, निवृत्तीनंतर क्वार्टर कधी सोडणार. हा प्रश्न काही कुणी विचारला नव्हता.

“करतो काहीतरी,” मी म्हणालो.

“आज काय खाल्लंस?”

“चहा.”

“काल रातच्याला?”

“...बिस्किटं.”

“घ्या!” घुगे म्हणाले. “म्हंजे उपाशीपोटी आपण दोघं आलो!”

त्यांनी पिशवी उघडली. परतीच्या वाटेसाठी बायकोने बांधून दिलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. यमुनाबाईंनी मला खांदा दाबून फुटपाथवर बसवलं. मी, भारत सरकारचा अवर सचिव, हॉस्पिटलच्या गेटवर मांडी घालून भाकरी खाल्ली. दुसरी वाढली, तीही खाल्ली. रडलो का? तेवढं विचारू नका.

तेवढ्यात नांदेडकडचं एक जोडपं हातात कागद धरून गेटपाशी येऊन गोंधळून उभं राहिलं. सविता उठली. “नवीन का? ही खिडकी नाही दादा, मागची. चला, मी दाखवते.” यमुनाबाईंनी त्या बाईचा हात धरला. “लिफ्टला भ्यायलीस? मीबी भीत हुते. जिन्यानं जाऊ.” घुगे काठी टेकत गेले आणि रांगेत दुसऱ्याच कुणाचा तरी नंबर धरून उभे राहिले. कुठली रांग आधी सरकते, कुठला शिपाई ओरडतो पण काम करतो, पाणी कुठल्या मजल्यावर थंड असतं, सगळं त्यांना पाठ होतं. आमच्या सत्तर सभासदांत एवढं कुणाला माहीत होतं?

दुपारपर्यंत अकरा पेशंटचं काम झालं. सविता आणि यमुनाबाई आता आळीपाळीने शनिवारी येणार आहेत. कमिटीला निकमसाहेबांनी कळवून टाकलं, “चालू आहे. बंदबिंद काही नाही.”

निघताना त्यांनी मंडळाचं रजिस्टर माझ्यापुढे धरलं. पानावर दोन रकाने होते, ‘सेवा देणारे’ आणि ‘सेवा घेणारे’. डावीकडे घुगे, यमुनाबाई, सविता धरून सात नावं. त्यांच्याखाली मी माझं नाव शोधलं. नव्हतं. वाटलं, गडबडीत राहिलं असेल.

“निकमसाहेब, माझं नाव?”

त्यांनी बोट उजवीकडे नेलं. सेवा घेणारे, क्रमांक एक. परांजपे, आर. के. पुरम. भाकरी दोन.

“सही करा,” निकमसाहेब म्हणाले. “पेशंटची सही लागते.”