डिझेलच्या हट्टापायी कोरगाव ते आमोणे

कोल्हापुरातून सकाळची एसटी धरली तेव्हाच मी ठरवलं होतं, दोन दिवसांत भावजींच्या डोक्यातलं डिझेलचं खूळ काढायचं, पेट्रोलची एक सुटसुटीत छोटी गाडी नक्की करायची आणि परत यायचं.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. डिचोलीच्या खाणींवर त्यांनी जन्मभर ट्रक चालवला. खाणी बंद पडल्यावर पेडण्याजवळच्या कोरगावात येऊन काजूची बाग बघू लागले. आता त्यांना गाडी लागणार ती बाजाराला, देवळाला आणि महिन्यातून एकदा वास्कोला लेकीकडे जायला. एवढ्यासाठी महागडं डिझेल इंजिन! आंबोलीच्या घाटात बस तासभर अडकली, तेवढा वेळ मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडून घेतलं.

पेडण्याला ताई स्कूटर घेऊन उभी होती. मागच्या वर्षी तिने चारचाकीचाही परवाना काढला होता, हौस म्हणून. घरी गेल्या गेल्या तिने निरो (काजूच्या बोंडांचा ताजा रस) हातात दिला, मग सुंगटांचं हुमण (कोलंबीची आमटी) आणि भात. जेवण इतकं झकास होतं की वाद घालायचा उत्साह निम्मा झाला. तरी मी माहितीपत्रकं काढलीच.

"तूच वाच," भावजींनी ती न बघता परत सरकवली.

"भावजी, डिझेल गाडी रोज लांब पळवली तरच परवडते. आणि डिझेलच्या छोट्या गाड्या आता बंदच होणार म्हणतात."

"माका डिझेलच व्हयी. पेट्रोलाचां इंजिन आयकाक येना नाय."

"गाडी काय ऐकायला घ्यायची असते?"

"तुका काय कळतलां मरे!"

मी ताईकडे पाहिलं. ती ताटं उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी म्हापशात दोन दुकानं पालथी घातली. मी डिकी उघडून बघत होतो, कोरगावच्या चढणीवर गाडीचं पोट घासेल का ते विचारत होतो. भावजी मात्र प्रत्येक गाडीत बसायचे, डोळे मिटायचे आणि इंजिन चालू करायला सांगायचे. पेट्रोल गाडीत त्यांनी विचारलं, "चालू केलंस?"

"हो काका, चालूच आहे," विक्रेता म्हणाला.

"बंद कर."

मी चिडून बाहेर पडलो. स्टँडवर पोयी (कोंड्याचा पाव) आणि भाजी खाल्ली, तीही मला नीट गोड लागली नाही. मग बसने डिचोली.

तिथल्या दुकानात भावजींच्या मनासारखी डिझेल गाडी निघाली. इंजिन चांगलं घणघणत होतं. चालवून बघायला आम्ही आमोण्याच्या रस्त्याला लागलो. भावजी चालवत होते, शेजारी विक्रेता, मागे मी आणि ताई. खरं सांगायचं तर गिअर ते फार सुरेख टाकत होते. पण ताईची मागून सासरच्या बोलीत सारखी टकळी. "फुडें वळण आसा हां." "बैल आसा, बैल." "डावीकडसून सायकल येता."

बाजूला मांडवी संथ वाहत होती, शेतांत हिरवी मिरची लाल होत होती, पण बघू कोण देतंय! शेवटी मी ओरडलो, "ताई, जन्मभर ट्रक चालवलाय त्यांनी! चालवू दे ना सुखानं!"

ताई गप्प झाली.

थोडं पुढे रस्त्याच्या कडेला घरबांधणीचे चिरे रचून ठेवले होते, निम्मे रस्त्यावर आलेले. लांबून दिसत होते. भावजींनी वेग कमी केला नाही. मला वाटलं, वळवतील. गाडी सरळ चिऱ्यांवर निघाली.

"चिरे!" ताई किंचाळली. ब्रेक करकचून लागला. गाडी आणि चिरे यांच्यात वीतभर जागा राहिली.

विक्रेत्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. भावजी चाक घट्ट धरून बसले होते.

"दिसले नाय," ते म्हणाले.

ताई उतरली, पुढे गेली आणि त्यांच्या बाजूचं दार उघडलं. ते मागे माझ्याजवळ येऊन बसले. गाडी तिने डिचोलीपर्यंत आणली, दोनदा बंद पाडली, पण आणली.

दुकानात विक्रेत्याने कागद पुढे ओढला. "मग काका, डिझेलच लिहू ना?"

"नाका, पात्रांव (मालक)," भावजी म्हणाले. "पेट्रोलाची बरय. गाडी ती चलयतली."

बाहेर मी ताईला विचारलं, "कधीपासून दिसत नाही त्यांना?"

"दोन वर्सां. इंजिनाच्या आवाजार गाडी चलयतंय, म्हणतत. म्हणान तर मी शिकलंय."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी सांगलेलां नाय, मी कशी सांगू?"

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला पोचलो. बायकोने दारातच विचारलं, "कोणती ठरली?"

"पेट्रोल."

"म्हणजे तुमचंच खरं झालं की!"

मला माझीच फार लाज वाटत होती. ती का, हे तिला सांगायला पुढचे दोन दिवस गेले.