झुहुराचं अंगभर सोनं

झुहुराला कुणी विचारलं, तुझ्याकडे काय आहे गं, की ती दोन्ही हात पुढे करायची. उजव्या मनगटात एक पातळ बांगडी, डावं मोकळं. "हे एवढंच. बाकी अल्लाची मेहेरबानी." इतकी वर्षं ती हे म्हणत आली होती की म्हणताना तिला स्वतःची कीवसुद्धा यायची.

खरं असं की पलंगाखालच्या पेटीत, नेसायच्या जुन्या खांगा-कापडांच्या घड्यांखाली, तिचं सोनं होतं, आणि थोडंथोडकं नव्हतं. पुरुषांच्या पांढऱ्या टोप्यांवर ती इतकं बारीक भरतकाम करायची की मोंबासाचे व्यापारी आगाऊ पैसे पाठवायचे. तो पैसा थेट सोनाराकडे जायचा. घर चालवायचं नवऱ्याने आणि बायकोची कमाई बायकोची, हा आमच्या लामू बेटावरचा रिवाज, आणि तो धर्माला धरूनच आहे. तिचा नवरा शेबवाना होड्या बांधणारा सुतार. तांदूळ, नारळ, मासळी तो आणायचा आणि वर एक शब्द विचारायचा नाही. त्या रिवाजाचं माप झुहुराने अगदी शिगेपर्यंत भरून घेतलं होतं.

रमजानात बायकांना शिकवायला मालिमबाई यायच्या. त्या वर्षी त्यांनी जकातीचा, म्हणजे साठवलेल्या मालातून दरवर्षी गरिबांना द्यायच्या वाट्याचा, विषय काढला.

"नवरा ईदच्या आधी घरातल्या माणसांमागे धान्याचा फितरा देतो, त्यात तुम्ही येता. जकातीत येत नाही. तुझा माल, तुझी जकात. उद्या अल्लासमोर तो तुझ्या वतीने उभा राहणार नाही."

आजवर झुहुराने दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात घातल्या होत्या. शेबवाना दरवर्षी मशिदीत काही भरून येतो, म्हणजे आपलंही भागलं, असं तिचं सोयीचं गणित.

"आता दागिने," मालिमबाई म्हणाल्या. "बाई अंगावर वापरते त्या दागिन्यांवर जकात नाही. पण..."

पण झुहुरा तोवर उठली होती. चुलीवर मटकीचं काहीतरी ठेवलंय म्हणाली. चुलीवर काही नव्हतं. पुढे ती स्वतःच सांगायची, "ऐकू आलं नाही असं नाही हो, मी कान मिटून घेतले."

घरी येऊन तिने दार लावलं आणि पेटी अंगावर रिकामी केली. बांगड्या कोपरापर्यंत गेल्या. साखळ्या एकीत एक अडकून गळ्याला काचायला लागल्या. आरशात पाहून तिला हसू फुटलं. "वा नवरी! सून आणायच्या वयात लग्नाला उभी राहिलीस." पण एकही नग उतरवला नाही. हिशोब करणाऱ्या फरिश्त्याला दिसलं पाहिजे, सगळं वापरात आहे.

दिवसभर ती तशीच वावरली. पीठ मळताना भांड्यांच्या दुकानात शिरल्यासारखा आवाज यायचा. नणंद तिमा नारळ मागायला आली ती उंबऱ्यातच थबकली.

"वहिनी, लग्न कुणाचं? की सोनाराने दुकान तुमच्या अंगावर हलवलंय?"

"खोटं आहे हो वन्सं. बाजारातलं."

तिमा गेली आणि झुहुराने कपाळावर हात मारून घेतला. अस्सल सोन्याला रोज्याच्या तोंडाने खोटं म्हणून बसले. जकात वाचली की नाही ठाऊक नाही, रोज्याचं मात्र मातेरं झालं.

त्या संध्याकाळी शेबवाना आला तेव्हा ती बाहेर जायची काळी बुईबुई पांघरून चुलीपुढे महाम्रीचे गोड वडे तळत होती.

"अगं, घरात बुईबुई?"

"थंडी वाजतेय."

घामाने तिचं तोंड निथळत होतं. तेवढ्यात तेल उडालं, तिने हात झटकला, बाही कोपराखाली घसरली आणि सगळं लखलखलं. शेबवानाने तिचा हात उजेडाकडे धरला. मग म्हणाला, "हात सुजलाय तुझा. साबण आण."

उष्म्याने बांगड्या मांसात रुतल्या होत्या. तो खाली बसून एकेक सोडवायला लागला, जहाजाच्या फळीतून खिळा काढावा तसा, जपून. झुहुराच्याने राहवलं नाही. अंगावर असलं की जकात नाही, म्हणून हा सगळा खटाटोप, हे तिने सांगून टाकलं. तो हसला, इतका की साबण हातातून निसटला. मग त्याचं हसू थांबलं.

"मग इतकी वर्षं मी कशाची भरत होतो?"

"तुमची."

"माझी कुठली? करवत, पटाशी आणि हे घर. त्यावर जकात असते होय? तुझी भरत होतो. अंदाजाने."

रमजानात भर उन्हात, पाण्याचा थेंब न घेता, तो दुसऱ्यांच्या होड्यांच्या फटीत कापूस ठोकायचं जादा काम घ्यायचा, ते यासाठी, हे झुहुराला आता कळलं. तिने त्याला लोभी म्हटलं होतं. वर्षानुवर्षं, तोंडावर.

"विचारलं का नाही मला?"

"तू 'काही नाही' म्हणाली असतीस. रमजानात तुझ्या तोंडून खोटं कशाला वदवून घ्यायचं?"

दुसऱ्या दिवशी ती मालिमबाईंकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. एक आशा मनात होतीच, की नवऱ्याने भरलेलं निदान वळतं होईल.

"नाही," मालिमबाई म्हणाल्या. "तुला न विचारता भरलं, ती त्याची खैरात, सवाबाचं पुण्य त्याचं. तुझी सगळ्या वर्षांची बाकी आहे. आणि जमवून ठेवायचं सोनं चार दिवस अंगावर घातलंस तर तो दागिना होत नाही. तू पेटीच गळ्यात बांधून फिरतेयस."

झुहुरा लाजली, हसली, आणि सोनाराकडे गेली. जाड बांगड्या गेल्या, लांब साखळी गेली. जीव तुटला, नाही कशाला म्हणायचं? एका बांगडीपाशी तिचा हात दोनदा मागे आला आणि सोनाराने तोंड फिरवून खोकल्याचं निमित्त केलं. पैसे तिने आपल्या हाताने गल्लीतल्या विधवांना आणि कर्जात बुडालेल्यांना वाटले. घरी येऊन शेबवानाला आकडा सांगितला. लग्न झाल्यापासून तिने त्याला सांगितलेला पहिला खरा आकडा.

"मी फारच कमी धरलं होतं गं," तो ओशाळून म्हणाला. चूक जणू त्याचीच.

दुपारी सवयीने त्याने हातोडी उचलली.

"कुठे निघालात?"

"किनाऱ्यावर. जादा..." तो थांबला. कशासाठी, ते त्यालाही सुचेना. हातोडी खाली ठेवून तो चटईवर जरा टेकला आणि टेकताच झोपला. रमजानातल्या दुपारी झोपलेला नवरा झुहुरा पहिल्यांदा पाहत होती. त्याचं तोंड उघडं होतं, ओठ कोरडे, आणि झोपेतही उजवी मूठ वळलेली.

ती शेजारी टोपी भरत बसली होती. तिला रडू फुटलं. हुंदका दाबायला तिने हातातली टोपी तोंडावर धरली, आणि टोपीत खोचलेली सुई ओठात घुसली.

"अस्संच पाहिजे," ती स्वतःला म्हणाली, पण अगदी हळू, तो जागा होऊ नये म्हणून.