करवंटीतले पाणी

डॉक्टरांनी आंजेलाच्या काखेत बोट टेकवले आणि ती कळवळली. "ब्यूबो आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून सांगितले, "म्हणजे गाठ. प्लेगची गाठ. यांना घरी ठेवता येणार नाही, मास्तर."

आदल्या दिवसापर्यंत माझी बायको अंगात ताप घेऊन भात रांधत होती आणि मी तिला म्हणत होतो, ऊन लागले असेल.

तुमच्या घरात हा रोग येऊ नये. पण आलाच, तर रोग्याजवळ कसे बसू नये, ते माझ्याकडून शिका.

ठाण्याबाहेर, खाडीच्या बाजूला, साथीच्या रोग्यांसाठी माडाच्या विणलेल्या झापांच्या झोपड्या उभारल्या होत्या. बाळकुमहून मी तिला बैलगाडीतून तिथे नेले. रोग्यामागे घरचे एक माणूस राहू देत. दोन खाटांमध्ये मला बसायला जेमतेम जागा होती. शेजारच्या खाटेवर पास्कू होता.

पास्कू आमच्याच गावचा, आमच्यासारखाच ख्रिस्ती, मिठागरावर राबणारा. त्याच्यामागे यायला कोणी उरले नव्हते. पोर्तुगिजांच्या काळी आमच्या आणि त्याच्या वाडवडिलांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्या पाण्याने जात धुतली गेली नाही. देवळात त्याचे लोक दाराशी बसत, आमचे वेदीजवळ. आमच्या भांड्याला त्यांचा ओठ लागत नसे. मी गावच्या मुलांना धर्माची प्रश्नोत्तरी शिकवतो. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, हे माझ्यापुढे म्हणून दाखवल्याशिवाय एकही मूल पहिल्या कम्युनियनला, वेदीवरचा प्रसाद घ्यायला, गेलेले नाही.

मला पाहताच पास्कू म्हणाला, "या मास्तर! देवलात मना दाराशी बसवता. हितं बगा, कशी खाटंला खाट लागली."

आंजेला खुदकन हसली. तिचे ते शेवटचे हसणे.

"त्याला पाणी द्या हो," ती म्हणाली. "केव्हाचा ओठ चाटतोय."

तिच्यासाठी मी घरून पितळी पेला आणला होता. मी बाहेर गेलो, कुंपणापाशी पडलेली नारळाची करवंटी धुऊन आणली आणि तीत वरून पाणी ओतून पास्कूला दिले. त्याचे हात कापत होते. अर्धे पाणी छातीवर सांडले. मी त्याला आधार दिला नाही. तरीही मी दया केली, असेच मला वाटत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पेला पाहिला, करवंटी पाहिली आणि खूश झाले. "शाबास, मास्तर! भांडी वेगळी ठेवलीत. इतके जरी सगळ्यांना कळले असते!"

"सायेब," पास्कू म्हणाला, "आमचे मास्तर साथ नवती तवापासून वेगली ठेवतात."

डॉक्टर काही न समजता हसले आणि पुढच्या खाटेकडे गेले. आंजेला हसली नाही.

"खरं सांगा," ती मला म्हणाली, "साथीसाठी वेगळं ठेवलंय?"

"हो," मी म्हणालो.

"मग मलाही करवंटीतूनच द्या. आम्हां दोघांचा रोग एकच आहे."

मी करवंटी उचलली. तिच्या कडेला पास्कूची लाळ वाळली होती. मी ती खाली ठेवली, पेला भरला आणि तिच्या ओठांशी नेला. तिने ओठ मिटून घेतले. ती रागावली नव्हती. डोळे माझ्यावर ठेवून ती वाट पाहत होती. मला वाटले, तहान अनावर झाली की पिईल.

संध्याकाळी ती बरळू लागली. डॉक्टर म्हणाले, "डिलिरियम." म्हणजे ताप मेंदूत चढून माणसाला भ्रम होतो. तिने मला ओळखले नाही. तेव्हा मी करवंटी घासून, भरून तिच्या तोंडाला लावली. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून उशीवर ओघळले. सकाळी ती गेली.

मी डॉक्टरांना विचारले, आदल्या दिवशी पाणी पोटात गेले असते तर? ते म्हणाले, "पाण्याने वाचल्या नसत्या, मास्तर. हृदयच थकले होते. मनाला लावून घेऊ नका." त्यांनी चांगल्या मनाने सांगितले. पण तिने माझ्याकडे जीव मागितला नव्हता.

पास्कूची गाठ फुटली आणि तो वाचला. मला आनंद झाला नाही. हातात जपमाळ घेऊन मी देवाला विचारत होतो, हाच का?

साथ ओसरल्यावर एका रविवारी, देवळातली मिस्सा, म्हणजे उपासना, संपल्यावर, मी त्याच्या झोपडीशी गेलो. क्षमा मागायची होती, पण बोलता येईना. म्हणालो, "पास्कू, पाणी दे."

त्याने वाटेकडे पाहिले. "कोनी बगंल, मास्तर."

"बघू दे."

"पेला नाय माज्याकडं. करवंटी हाय."

मी त्याच्या उंबऱ्यावर बसून प्यालो. पास्कू हळूच म्हणाला, "बाई हसली होती त्या दिवशी. मना लई बरं वाटलं होतं."

मी आता देवळात दाराशी बसतो. वेदीजवळच्या लोकांनी मला लग्नाकार्याला बोलावणे सोडले आहे. प्रीती म्हणजे मनात दाटून येणारे काहीतरी, असे मी मुलांना शिकवत असे. माझ्या मनात अजूनही तसे काही दाटत नाही. पास्कूच्या हातून घेताना बोटे अजून आखडतात. तरी मी घेतो.

तुमचा रोगी जे मागेल ते, तो शुद्धीवर आहे तोवर द्या. भांडी वेगळी ठेवा, डॉक्टर सांगतात ते बरोबरच आहे. फक्त ती का वेगळी ठेवली, असे कोणी विचारले, तर खरे सांगता यावे.