मी न सोडलेलं विमान

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अकरा वर्षं हवाई दलात विमानांची देखभाल केली. पुढे कानाच्या आत काही बिघडलं, चक्कर येऊ लागली आणि त्यांना वेळेआधीच घरी पाठवण्यात आलं. भोकरदनमध्ये ते शेतकऱ्यांची डिझेल इंजिनं दुरुस्त करत. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. स्वतः विमान कधी चालवलं नाही, हे ते कुणी न विचारताच सांगत.

त्या हिवाळ्यात एका जुन्या सहकाऱ्याने त्यांना पहिल्या महायुद्धातल्या दुहेरी पंखांच्या लढाऊ विमानाचा आराखडा पाठवला. खऱ्याच्या आठव्या हिश्श्याएवढं, पण खरंच उडणारं. सूचना इंग्रजीत होत्या आणि मी औरंगाबादला वसतिगृहात राहून इंग्रजी शाळेत शिकले होते. मोठ्याने वाचायला मला संकोच वाटे, म्हणून मी त्या मराठीत लिहून द्यायचे. बाल्साचं हलकं लाकूड आणि चिमुकलं इंजिन कलकत्त्याहून पार्सलने आलं. त्याच्या इंधनात घालायला एरंडेल जालन्याच्या तेलघाण्यावरून, ईथर ओळखीच्या डॉक्टरांकडून. पंखांच्या सांगाड्यावर पातळ कागद चढवून अण्णा त्यावर उग्र वासाचं, चटकन पेट घेणारं रोगण लावत, तेव्हा आई चूल अंगणात मांडायची.

हे विमान दोन पोलादी तारांना बांधलेलं उडतं. उडवणाऱ्याने मधोमध उभं राहून तारांची मूठ धरायची आणि विमान भोवती फिरेल तसं स्वतःही फिरायचं. तीन मिनिटांत तीस फेऱ्या. टाकीतलं तेल संपेपर्यंत थांबता येत नाही.

आई पाण्याला गेली की अण्णा दोरीला डबा बांधून अंगणात फिरण्याचा सराव करत. एकदा मी खिडकीतून पाहिलं. सातव्या फेरीला ते कलले आणि लिंबाच्या झाडाला धरून खाली बसले. वर पाहिलं तर मी.

"आईला सांगू नको," एवढंच म्हणाले.

मी सांगितलं नाही. त्यांनाही काही म्हटलं नाही. टाकी थोडीशीच भरू, असं सुचवायचं मनात होतं. चारदा त्यांच्यापर्यंत गेले आणि चारदा खिळ्यांची डबी नीट लावून परत आले.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या मैदानावर विमान पाहायला गर्दी थांबली. हेडमास्तरांनी खुर्च्या मांडल्या होत्या. एक शेतकरी म्हणाला, "मिस्त्री, आमचं इंजिन ठिवून हे करून राह्यले व्हय?" लोक हसले, अण्णाही हसले. त्यांनी टाकी काठोकाठ भरली, पंखा बोटाने फिरवला आणि इंजिन कर्कश सुरू झालं. मी गुडघ्यांवर बसून विमानाची शेपटी धरली होती. माझं काम एकच होतं, खूण झाली की सोडायचं. तोंडावर एरंडेलाचे थेंब उडत होते.

अण्णा चालत मधोमध गेले. मूठ उचलली आणि दुसरा हात वर करून खाली आणला.

मी सोडलं नाही.

त्यांनी पुन्हा खूण केली. मग ओरडले, "सोड, बाई."

त्या गर्दीसमोर ते पडलेले मला आधीच डोळ्यांपुढे दिसत होते. माझी बोटं उघडेनात. मागून कुणीतरी म्हणालं, "पोरगी सोडंना की. जावयाला बी असंच धरून ठिवन ही." केवढा हशा झाला. अण्णा मूठ धरून तसेच उभे राहिले. तीन मिनिटांनी इंजिनाचा आवाज चढला, ते खोकलं आणि बंद पडलं.

लोकांना त्यांनी सांगितलं, इंजिन बराबर न्हाई. तारा गुंडाळताना फक्त मला ऐकू जाईल असं विचारलं, "खूण दिसली होती ना?"

"अण्णा, तुम्ही पडला असता."

"पडलो असतो. मंग?"

पुढच्या रविवारी ते विमान, एक खुंटी आणि सुतळी घेऊन एकटेच शाळेमागच्या पडीक रानात गेले. मदतीला माणूस नसेल तर शेपटी खुंटीला अडकवून मधोमध उभं राहूनच सुतळीने कशी सोडवायची, हे आराखड्याच्या शेवटच्या पानावर होतं. ते पानही मीच मराठीत उतरवलं होतं.

घरात बसून मला इंजिन ऐकू आलं. आधी एका जागी, मग आवाज मोकळा झाला आणि जवळ-लांब, जवळ-लांब होऊ लागला. मी मोजत होते. नवव्या फेरीला तो एकदम तुटला. तेल संपल्यावर इंजिन असं बंद होत नाही, हे मला कळत होतं. मी उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथेच उभी राहिले.

बऱ्याच वेळाने अण्णा आले. सदऱ्याची एक बाजू मातीने भरलेली, विमानाचा वरचा पंख मोडून लोंबत होता.

"पडले का काय?" आईने घाबरून विचारलं.

"पडलो," ते म्हणाले. आवाज खुशीतला होता. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, सुतळी ओढल्यापासून, चक्कर येते हेसुद्धा. माझ्याकडे त्यांची पाठ होती. मी दारात उभी राहून ऐकत होते. किती फेऱ्या झाल्या ते त्यांना आठवत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.