डॉक्टरांचं अर्धं वाक्य

लॉकडाऊन लागलं तेव्हा माझा मोठा भाऊ न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनरच्या ट्रेलरवर ड्रायव्हर होता. काम थांबलं, तसा भाजीच्या टेम्पोत बसून तो दिघीजवळच्या आमच्या गावी आला. दादा कित्येक वर्षं रोज प्यायचा. भांडणतंटा नाही, प्यायचा, जेवायचा, झोपायचा. आता दुकानं बंद, वेशीवर बांबू आडवे टाकलेले, हातभट्टीवाल्याकडे पोलीस येऊन गेलेले. थेंबही मिळेना.

वहिनीला वाटलं, देवच पावला. लग्न झाल्यापासून दिवेलागणीला नवरा शुद्धीत असा तिने पाहिलाच नव्हता, असं ती मला सांगत होती. तिने हौसेने घावन केले. दादाने हात लावला नाही. त्याला दरदरून घाम सुटत होता. कपबशी हातात घेतली की तिचा खडखड आवाज माझ्या खोलीपर्यंत यायचा. सुटताना एवढा त्रास व्हायचाच, अशी आम्ही दोघी एकमेकींची समजूत घालत राहिलो.

मग एका सकाळी दादा अंगणात उभा राहून हाताने इशारे करताना दिसला. "येऊ दे, येऊ दे... डावीकडं घे... बस." समोर कोणीच नव्हतं. मी जवळ गेले तर म्हणाला, "बाजूला हो गो, कंटेनर लागंल." डोळे माझ्याकडे होते, पण मी त्याला दिसत नव्हते.

दुपारी जेवायला बसता बसता तो आडवा झाला. अंग ताठ, दातखीळ बसलेली, तोंडाला फेस. मी आरडाओरडा केला तसे शेजारी कुंपणापर्यंत आले आणि तिथंच थांबले. ताप हाय काय, एवढंच एकाने विचारलं. दादा मुंबईकडून आलेला, त्यामुळे कोणी हात लावायला धजेना.

सरकारी दवाखाना खाडीपलीकडे आणि फेरी बंद. वडिलांच्या ओळखीचे एक मच्छीमार चाचा होते. त्यांनी काही न विचारता तोंडाला रुमाल बांधला आणि होडी काढली. अर्ध्या खाडीत दादा उठून बसला आणि पाण्यात पाय टाकायला लागला. इथंच उतरतो, गाडी इथंच लावलीय, म्हणत होता. वहिनी त्याच्या पायांवर बसली. मी कमरेला मिठी मारली. चाचा मान न वळवता इंजिन चालवत राहिले.

दवाखान्यात आधी ताप पाहिला, मग कुठून आला ते विचारलं. डॉक्टर नखशिखांत प्लास्टिकच्या पोशाखात होते. त्यांनी विचारलं, "दारू कधीपासून बंद आहे?"

"लॉकडाऊनपासून. थेंबसुद्धा नाय," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात अजून अभिमान होता.

"त्यामुळेच हे झालंय. रोज पिणाऱ्याने एकदम तोडायची नसते, जिवावर बेततं. औषधं देऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवायची असते."

असे बरेच जण येताहेत, असं नर्सने मला नंतर सांगितलं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने सॅनिटायझर प्यायलं होतं. आम्ही होतो तोवरच ती खाट रिकामी झाली. दादाचे हात कापडी पट्ट्यांनी खाटेला बांधले होते. सलाईन, इंजेक्शनं चालू होती. हळूहळू त्याने आम्हाला ओळखलं. गोळ्या आणि व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे जाण्याची चिठ्ठी घेऊन आम्ही घरी आलो. पण सगळं बंद होतं, त्यात गोळ्याही संपल्या.

दारूची दुकानं उघडली तेव्हा दादा गेला नाही. वहिनी गेली. डोक्यावरून पदर घेऊन पुरुषांच्या रांगेत उभी राहिली. संध्याकाळी तिने पेल्यात ओतून त्याच्यापुढे ठेवली. दादा कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसला. मग प्यायला.

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. डॉक्टर तर सोडवायला सांगत होते, असं मी म्हणाले.

"एकदम तोडायची नसते म्हणाले ते," वहिनी म्हणाली. "मी फेस बघितलाय त्याच्या तोंडाला. परत नाय बघायचाय मला."

दादा परत कामावर गेला नाही. रोज संध्याकाळी वहिनीच त्याला पेला भरून देते. गेल्या वर्षापासून त्याचे पाय सुजतात, पोट वर आलंय. डोळ्यांचा पिवळेपणा मला दिसतो. वहिनी म्हणते, उजेडच तसा आहे. अलिबागच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हटलं की ती तांदूळ निवडायला घेते. काल मी दादालाच विचारलं. तो म्हणाला, "तिला घाबरवू नको गो."

दादाला अलिबागला न्यायला मी सोमवारची रिक्षा सांगितली आहे. वहिनीला अजून बोलले नाही.