टोपलीत झोपलेली बाग

सुवर्णाची पहिली बदली आली तेव्हा क्वार्टरच्या दारातला जाईचा वेल नुकताच पत्र्यावर पोचला होता. मेहकरकडच्या एका लहान गावात ती आरोग्यसेविका म्हणून लागली होती, आणि तो वेल तिनं बोटभर काडीपासून वाढवला होता. सामान टेम्पोत चढलं, आई ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली, तरी सुवर्णा वेलाला हात लावून दारातच उभी.

"चाल ना वं," आई आतून म्हणाली. "झाड हाय ते. लेकरू नाई."

आईचं नाव कौशल्याबाई. सुवर्णाचे वडील लवकर गेले. सुवर्णानं लग्न केलं नाही, आणि चिखलीजवळचं शेत मुलाकडं सोपवून कौशल्याबाई लेकीसोबत राहायला आली ती कायमचीच. जिथं लेकीची बदली, तिथं तिची चूल.

ही बदली जळगाव जामोदकडं होती, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात. दुपारभर टेम्पो चालत होता. उन्हानं सुवर्णाचा डोळा लागला आणि तिला स्वप्न पडलं. रस्त्यावरून एक अख्खी बाग टेम्पोच्या मागं चालत येत होती. ओढा ओलांडताना बाया लुगडं वर धरतात ना, तशी झाडांनी आपापली मुळं हातात धरली होती. जाई सगळ्यात मागं पडली होती. सुवर्णा जागी झाली तेव्हा समोर डोंगर निळा पडला होता आणि रस्ता रिकामा होता.

नव्या क्वार्टरच्या मागं मोकळी जागा होती, तारेचं कुंपण होतं. सुवर्णानं तिथं काहीच लावलं नाही. दुपारी काम नसलं की ती मागच्या पायरीवर बसून त्या उघड्या मातीकडं पाहत राहायची. तिच्या डोळ्यांना तिथं कधी मोगरा दिसायचा, कधी गुलाब. आईनं हाक मारली की सगळं पुसलं जायचं.

त्या गावात सोजराबाई नावाची म्हातारी सुईण होती. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली होती. नवी नर्सबाई आल्यापासून तिनं दवाखान्याच्या पायरीवर पायही ठेवला नव्हता.

वैशाखात वंदना नावाच्या पहिलटकरणीला कळा लागल्या. सुवर्णाला निरोप आला तेव्हा दिवस बराच वर आला होता. ती घरात शिरली तर सोजराबाई सहाणेवर कसलासा कंद उगाळायच्या तयारीत बसलेली. नांगराच्या फाळासारखा, दोन टोकं फुटलेला, पिवळसर कंद.

"हे काय होय आजी?"

"कळलावी. पोटावर लेप देला का कळा येतात. अडलेली बाई सुटते."

सुवर्णाला ते नाव माहीत होतं. त्या कंदाचं विष प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. तिनं पुढं होऊन तो सोजराबाईच्या हातातून काढून घेतला.

"पोटात गेलं तं मायही जाईन अन् लेकरूही," ती म्हणाली. "आजी, तुमी इच्या डोक्यापाशी बसा. इले तुमचा धीर हाय. बाकीचं मी पाह्यतो."

सोजराबाईचा चेहरा उतरला. पण ती उठून गेली नाही. वंदनाचं डोकं तिनं मांडीवर घेतलं आणि केसांतून हात फिरवत राहिली. सुवर्णानं तपासलं, जीप बोलावली. तालुक्याच्या दवाखान्यात पोचल्यावर संध्याकाळच्या आत वंदनाला मुलगी झाली. परतीच्या जीपमध्ये सुवर्णा आणि सोजराबाई शेजारी बसल्या होत्या.

घरी आल्यावर सुवर्णाच्या पर्समध्ये तो कंद सापडला. उकिरड्यावर टाकला तर गुरं खातील, म्हणून तिनं कुंपणाशी खोल खड्डा करून तो पुरला आणि विसरून गेली.

श्रावणात एका सकाळी कौशल्याबाई मागचं दार उघडून ओरडली, "सुवर्णा, अवं, तारीले आग लागली!"

सुवर्णा धावत आली. कुंपणावर एक नाजूक वेल चढला होता. पानांच्या टोकांना बारीक दोरे फुटले होते आणि त्या दोऱ्यांनी वेलानं तार पकडली होती. त्यावर फुलं होती. पाकळ्या खाली झुकण्याऐवजी वर वळलेल्या, बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल. ओल्या हवेत ती फुलं जळत असल्यासारखी दिसत होती. सुवर्णा पायरीवर बसली आणि तिला उठवेना. दवाखान्यात जायला त्या दिवशी तिला उशीर झाला.

बातमी सोजराबाईपर्यंत गेली. ती काठी टेकत आली आणि कुंपणापाशी उभी राहून पाहत राहिली. मग हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला.

"माह्या हातातून हिसकली अन् सोताच्या दारात लावली काय वं पोरी?"

"लावली नाई आजी, पुरली होती."

"पुरलेलं झोपते. मेलं असं वाटते, पण झोपते ते." सोजराबाई पायरीवर बसली. "म्या जलमभर हे उगाळलं. फूल काही धड पाह्यलं नाई. फुलाच्या टायमाले आमी निंदाले जातो."

त्या दिवशी कौशल्याबाईनं चहा केला आणि तिघी त्या वेलासमोर बसल्या. सुवर्णानं सोजराबाईला सांगितलं की गावात ज्याच्या ज्याच्या फळीवर हा कंद ठेवलेला असेल तो मला आणून द्या, आणि बाई अडली की मला हाक मारा, तुम्हीही सोबत या. सोजराबाईनं लगेच हो म्हटलं नाही. पण पुढच्या आठवड्यात तिनं पदराच्या गाठीत बांधून दोन कंद आणले. मग आणखी आणले. गावातल्या घराघरांतून निघालेली कळलावी सुवर्णाच्या कुंपणाला जाऊ लागली, आणि पुढच्या श्रावणात ते सगळं कुंपण पेटलेलं होतं. दवाखान्यात येणाऱ्या गरोदर बाया आधी तिकडं पाहून यायच्या आणि मग वजन करायला उभ्या राहायच्या. फुलाला हात लावायचा नाही, ही तिथली शिस्त होती, आणि ती सोजराबाई काठी आपटून सगळ्यांना सांगायची.

सुवर्णाला मात्र त्या चहाच्या दिवशीच वेगळी वाट दिसली होती. झोपणारी झाडं. ज्यांना पानं गळाल्यावर उचलता येतं, फडक्यात बांधता येतं, टोपलीत घालून दुसऱ्या गावाला नेता येतं. सोजराबाईनं तिला भुईचाफ्याचे गड्डे दिले. चैत्रात, जेव्हा सगळी माती भेगाळून पडलेली होती, तेव्हा त्यातून पान नाही, देठ नाही, नुसतं पांढरं-जांभळं फूल भुईवर उमललं, कुणीतरी चालता चालता ओंजळीतून सांडल्यासारखं. त्याचा वास घ्यायला सुवर्णा जमिनीवर पालथी पडली. आई म्हणाली, "येडी झाली पोट्टी," आणि थोड्या वेळानं स्वतःच गुडघे धरत खाली वाकली.

मग निशिगंध आला, लिली आली, ग्लॅडिओलस आले, थंडीपुरते डेलिया आले. कोणता कंद निवडायचा हे सुवर्णा हळूहळू शिकली. निशिगंधाचा जुना गड्डा एकदा फुलला की थकतो, म्हणून त्याच्या बगलेतली टोकदार पिल्लं घ्यायची. ग्लॅडिओलसचा कंद पसरट पेढ्यासारखा नको, पोट सुटलेला हवा. डेलियाचा कंद रताळ्यासारखा; ते रताळं कितीही गुबगुबीत असलं तरी त्याच्या मानेशी कोंबाचा डोळा नसेल तर ते फुटायचं नाही. सोजराबाईची रीत निराळी होती. ती प्रत्येक कंद गालाला लावायची. "थंडा लागला तं जित्ता," म्हणायची.

बदलीचा कागद आला तो पौषात. साखरखेर्डा. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला.

सुवर्णा आणि सोजराबाईनं मागचं अंगण उकरलं. सावलीत पोती अंथरली, कंद वाळवले, राख लावली आणि निवडायला बसल्या. भुईचाफा टोपलीत गेला. निशिगंध गेला. लिलीचे कांदे गेले. शेवटी कळलावीचा ढीग राहिला. सुवर्णानं दवाखान्यातले हातमोजे घालून ते कंद न मोडता काढले होते. त्यातला सगळ्यात देखणा एक ती हातात घेऊन बसली.

"एक ने," सोजराबाई म्हणाली.

"तथी शाळा हाय जवळच. लेकरं उकरतीन." सुवर्णानं कंद परत ढिगात ठेवला. "अन् इथी ठेवला तं माह्या मागं कोणी उगाळीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी कंदांचं गाठोडं घेऊन डोंगराच्या वाटेला लागल्या. सागाची पानं वाळून पायाखाली वाजत होती. धुकं अजून उतारावर बसलेलं होतं आणि गुरांच्या घंटा कुठूनतरी यायच्या, पण गुरं दिसायची नाहीत. गावापासून लांब, बोरीबाभळीच्या जाळीत त्यांनी एकेक कंद मातीत घातला. सोजराबाई दर कंदाला काहीतरी पुटपुटत होती. बाळंतिणीला निजवताना ती असंच पुटपुटायची, हे सुवर्णाच्या लक्षात आलं. उतरताना तिनं म्हातारीचा हात धरला. त्यानंतर दोघींची भेट झाली नाही. पुढच्या उन्हाळ्यात सोजराबाई झोपेतच गेली, असं फोनवर कळलं.

साखरखेर्ड्याची जमीन काळी, चिकट. पहिल्याच पावसाळ्यात टोपलीतले निम्मे कंद सडले. सुवर्णानं मुरूम आणि वाळू घालून उंच वाफे केले, तेव्हा कुठं उरलेले जगले. तिथं असताना पुण्यात शिकणाऱ्या तिच्या भाचीनं, समीक्षानं, ट्युलिपचे कांदे पाठवले. फोनवर म्हणाली, "आत्या, त्यांना थंडीत ठेवावं लागतं बरं का, बरेच आठवडे." घरी फ्रीज नव्हता. दवाखान्यात होता. सुवर्णानं त्याचं दार उघडलं, आत लशीच्या कुप्या ओळीनं उभ्या होत्या, आणि ती स्वतःशी हसून दार लावून आली. ट्युलिप तिनं माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवले. माघात हिरवी पानं आली, जाड, चकचकीत, परक्या मुलखातली. फूल आलं नाही. फाल्गुनाचं ऊन लागताच ती पानं निमूट आडवी झाली. कितीतरी दिवस सुवर्णाच्या स्वप्नात बर्फाचा डोंगर येत होता आणि त्याच्या पायथ्याशी साखरखेर्ड्याचा बाजार भरलेला असायचा. पुढं कुणी काय लावू म्हणून विचारलं की ती म्हणायची, "आपल्या उन्हाले वळखणारं लावा."

बदल्या संपल्या. निवृत्त होऊन ती चिखलीला आली, भावाच्या घरालगत लहानसं घर बांधलं. आता अंगण तिचं होतं. जाई लावता आली असती, आंबाही लावता आला असता. भाऊ ज्ञानेश्वर एक आंब्याचं कलम घेऊनही आला. सुवर्णानं ते त्याच्याच बाजूला लावून घेतलं. तिला आता जमिनीखाली झोपणाऱ्यांचीच सवय झाली होती. रिकाम्या वाफ्याजवळ बसून, खाली कोण कुठं निजलं आहे हे आठवत राहणं, हे तिचं दुपारचं सुख होतं.

कौशल्याबाई फार थकली होती. ती माणसं विसरायला लागली होती. कधी सुवर्णाला ती नर्सबाई म्हणायची आणि मुक्काम कोणत्या गावात आहे हे विचारायची. सुवर्णा जे तोंडात येईल त्या गावाचं नाव सांगायची, आणि आईला ते पटायचं.

मृगाच्या दिवसांत सुवर्णा टोपली घेऊन निवडायला बसली. आई शेजारी येऊन टेकली. तिनं बाजूला काढलेल्या ढिगातून डेलियाचं एक सुरकुतलेलं रताळं उचललं, बराच वेळ हातात फिरवलं आणि म्हणाली, "हे माह्यं."

त्याला डोळा नव्हता. ते फुटणार नव्हतं, आणि दिवसही डेलियाचे नव्हते.

"कुठी लावू माय?"

आईनं न्हाणीच्या भिंतीकडं बोट केलं. सुवर्णानं तिथं शेणखत घातलं, खड्डा केला, आणि आईच्या हातानंच ते रताळं मातीत ठेवलं. कौशल्याबाई रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायची. इतर सगळं विसरली, पण तो तांब्या विसरली नाही.

आषाढात तिथून वाळकाचा, शेतातल्या गोड काकडीचा, वेल निघाला. खतातून बी आलं असणार. सुवर्णानं तो ओळखला, आणि त्याला चढायला भिंतीशी दोरी बांधली. वेल भिंतीवर चढला, पिवळी फुलं धरली, आणि भादव्यात त्याला वाळकं लागली. पिकलेल्या वाळकाचा गोड वास घरभर पसरला. कौशल्याबाईनं विळी मागवून घेतली, स्वतः फोडी केल्या आणि ज्ञानेश्वरच्या घरी ताट पाठवलं. शेजारणीलाही बोलावलं.

"खा वं," ती म्हणत होती. "म्या लावलेल्या कंदाचं हाय. कसं फुटलं पाय."

शेजारणीनं सुवर्णाकडं पाहिलं. सुवर्णा फोड खात होती.

"हाव माय," ती म्हणाली, "लय गोड हाय."